रेकॉर्ड प्लेयरचा टोनआर्म घरच्या घरी कसा सुधारावा

टोनआर्म म्हणजे सुई धरून तबकडीवर फिरणारा दांडा. त्याच्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. तबकडी थोडी वाकलेली असो किंवा तिचं मधलं भोक नेमकं मध्यावर नसो, आर्मने तिच्यामागे मुकाट खालीवर, आतबाहेर जायला हवं. आणि सुई खाचेत थरथरत असताना त्याच आर्मने जागचं हलता कामा नये. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडी सेकंदाला अर्ध्याहून थोडाच जास्त फेरा घेते. त्यामुळे बाकामुळे होणारी हालचाल संथ, साधारण अर्ध्या हर्ट्झपासून पाच-सहा हर्ट्झपर्यंतची असते. ऐकू येणारा आवाज सुरू होतो २० हर्ट्झच्या आसपास. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आर्मचं स्वतःचं कंपन बसवायचं, बेअरिंग मोकळं ठेवायचं आणि आर्मच्या नळीची किणकिण दाबायची. घरच्या घरी जे काही करण्यासारखं आहे ते या तीन कामांसाठी. एखादा उपाय यातल्या कोणत्या कामाचा आहे हे सांगता येत नसेल, तर तो करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक चिमटा, लहान स्पिरिट लेव्हल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्लंबर वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, थोडं ब्लू-टॅक (पुट्टीसारखा चिकट पदार्थ), जाड कागद, कंपास आणि गुण्या. सुईची थरथर विजेत बदलणारा डबा म्हणजे कार्ट्रिज. ती मूव्हिंग कॉइल, म्हणजे हलत्या वेटोळ्यांची असेल तर स्क्रू ड्रायव्हर आणि चिमटा चुंबकाला न चिकटणारा घ्या. या कार्ट्रिजमधलं चुंबक जोरदार असतं आणि लोखंडी हत्यार खस्‌कन ओढून घेतं. मध्ये सुई आली की ती गेलीच. कोणतंही काम सुरू करण्याआधी प्लग काढा आणि सुईचं टोपण लावा. मल्टिमीटरने कार्ट्रिजच्या पिनांचा रोध मोजण्याचा मोह आवरा, मीटरचा प्रवाह आतल्या नाजूक वेटोळ्यांसाठी जास्त ठरू शकतो.

एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो असा की उद्या काढून टाकता आला पाहिजे. मूळ स्थिती वहीत लिहून ठेवा: सुईवरचा भार, काउंटरवेट (आर्मच्या मागच्या टोकाचं तोलाचं वजन) कुठे आहे, कार्ट्रिज हेडशेलमध्ये (ती जिथे बसते त्या पुढच्या भागात) किती पुढे आहे. फोटो काढून ठेवले तर आणखी बरं.

आधी पातळी, मग बेअरिंग

प्लॅटरवर (तबकडीखालच्या फिरत्या थाळीवर) स्पिरिट लेव्हल ठेवून प्लेयर सपाट करा. मग अँटी-स्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला बाहेरचा ओढा) शून्यावर आणा, टोपण काढा आणि काउंटरवेट फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेल असा तोला. आता हेडशेलवर अगदी हलकी फुंकर घाला. आर्म आळसावल्यासारखा सरकावा आणि हळूच थांबावा. तो दर वेळी एकाच जागी अडकत असेल तर बेअरिंगमध्ये घाण आहे, किंवा मागून बाहेर पडणारी वायर ताठ होऊन आर्मला ढकलते आहे. हे दुसरं कारण मला जास्त वेळा दिसलं आहे. बुडातून निघणाऱ्या बारीक तारांना सैल, गोलसर वळण मिळालं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आता उलट बाजू तपासा. हेडशेल दोन बोटांत नाजूकपणे धरा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे जेमतेम जाणवेल इतकंच हलवा. बोटांना ‘टक्’ असं काही जाणवलं तर बेअरिंग ढिलं आहे. ते कसण्याचा स्क्रू आणि त्यावरचं लॉकनट बहुतेक आर्मवर बाहेरून दिसतं. घड्याळाच्या काट्यासारखं थोडं थोडं, एका वेळी पाच-दहा अंशच फिरवा आणि दर वेळी फुंकरीची परीक्षा पुन्हा घ्या. ढिलाई नुकतीच संपली त्याच जागी थांबा. त्याहून पुढे कसलं तर बारीक गोळ्यांचे खड्डे बेअरिंगच्या कड्यांवर उमटतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. या बेअरिंगमध्ये घरातलं तेल टाकू नका. त्याला धूळ चिकटते आणि काही महिन्यांत चिकट लेप तयार होतो.

हेडशेल काढता येत असेल तर तिथलाही खेळ पाहा. कॉलर पूर्ण घट्ट करूनही हेडशेल किंचित गोल फिरत असेल तर रबरी वॉशर बहुधा झिजलेला असतो. चारही पिना आणि समोरचे स्प्रिंगवाले खिळे अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. मधूनच एक बाजू गप्प होणं, खरखर येणं हे दुखणं बऱ्याचदा इथेच बरं होतं.

काट्याला तबकडीच्या उंचीवर आणा

डिजिटल काट्याची थाळी तबकडीपेक्षा बरीच उंच असते. त्यावर सुई टेकवली की आर्म वर उचललेल्या स्थितीत वजन देतो, आणि ज्या आर्मचा गुरुत्वमध्य धुरीच्या, म्हणजे आर्म ज्याभोवती फिरतो त्या बिंदूच्या, वर किंवा खाली आहे तिथे आकडा खरा येत नाही. उपाय सोपा आहे. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी ‘झेड’च्या आकारात वाकवा. एक टोक थाळीवर चिकटवा, दुसरं काट्याच्या बाहेर, खाली, तबकडीच्या पृष्ठभागाच्या उंचीवर यावं. बाहेरचं टोक कशालाही टेकता कामा नये. काटा शून्य करा आणि सुई त्या टोकावर ठेवा. पट्टी ॲल्युमिनियमचीच हवी, कारण लोखंडी पट्टी कार्ट्रिजच्या चुंबकाला ओढते आणि भार चुकीचा दिसतो.

सुईवरच्या भारासाठी निर्मात्याने दिलेल्या मर्यादांच्या वरच्या अर्ध्यात राहा. ऑर्टोफॉन २एम रेड कार्ट्रिजसाठी शिफारस १.८ ग्रॅमची आहे, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईसाठी २ ग्रॅमची. भार कमी ठेवला की तबकडी कमी झिजते ही समजूत चुकीची आहे. कमी भाराने सुई खाचेच्या भिंतींवर उसळते आणि ठोके देते. खरी झीज तिथे होते.

कागदाचा प्रोट्रॅक्टर

मूळ तबकडी कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, आपला आर्म कंसात फिरतो. त्यामुळे सुई सगळीकडे खाचेला समांतर राहू शकत नाही, फक्त दोन ठिकाणी राहते. ते दोन बिंदू कुठे असावेत याचं गणित लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडलं, बेअरवॉल्ड यांनी १९४१ मध्ये. त्या मांडणीत हे बिंदू तबकडीच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सन यांची १९६६ ची मांडणी आतल्या खाचांना झुकतं माप देते: ६०.३ आणि ११७.४ मिलिमीटर.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे हे बिंदू आखलेला कागद, डाउनलोड करून छापला तर प्रिंटर माप बदलू शकतो, म्हणून मी हातानेच काढतो. जाड कागदावर एक सरळ रेष मारा. तिच्या एका टोकाला प्लॅटरच्या खुंटीवर घट्ट बसेल असं ७.२ मिलिमीटरचं भोक पाडा. भोकाच्या मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर कंपासच्या टोकाने टोचून खूण करा. प्रत्येक खुणेतून रेषेला काटकोनात दुसरी रेष काढा, आणि तिला समांतर अशा दोन-दोन मिलिमीटरवर आणखी काही रेषा. झाला प्रोट्रॅक्टर.

तो खुंटीत घाला, प्लॅटर हाताने फिरवून सुई पहिल्या खुणेवर आणा आणि भिंगातून पाहा. ज्या बारीक दांडीच्या टोकाला सुई बसवलेली असते ती, म्हणजे कँटिलिव्हर, रेषेला समांतर हवी. कार्ट्रिजच्या डब्याकडे पाहून जुळवणी करू नका. दांडी डब्यात किंचित तिरकी बसलेली असणं अगदी सर्रास आढळतं. मग प्लॅटर थोडा फिरवून सुई दुसऱ्या खुणेवर आणा. तिथे दांडी तिरकी दिसली तर कार्ट्रिज हेडशेलच्या खाचेत किंचित पुढे सरकवा आणि दोन्ही बिंदू पुन्हा तपासा. चूक वाढली तर मागे न्या. दोन्हीकडे जुळेपर्यंत हे चालू ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण आतल्या खाचांमधला ‘स’ आणि ‘श’चा फाटका आवाज याच्याइतका दुसऱ्या कशानेही सुधारत नाही.

काही आर्मच्या कारखान्यांची स्वतःची मांडणी असते. टेक्निक्स एसएल-१२०० या प्लेयरवर सुई खुंटीच्या १५ मिलिमीटर पुढे पोचावी असं कंपनी सांगते. बेअरवॉल्डच्या हिशेबाने तीच कार्ट्रिज जवळजवळ ३ मिलिमीटर आणखी पुढे जाते. हेडशेलच्या खाचा तितक्या लांब नसतील तर ओढाताण करू नका, कारखान्याचंच माप ठेवा.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी जमते का?

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी गोष्ट हीच. कार्ट्रिजची सुई लवचिक टेकूवर बसवलेली असते. त्या टेकूच्या लवचिकपणाला कॉम्प्लायन्स म्हणतात. वर आर्मचं वजन, खाली हा टेकू, म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजनच झालं, आणि ते आपल्या ठरलेल्या गतीने झुलतं. ही गती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यायला हवी. त्याखाली गेली तर तबकडीचा प्रत्येक बाक आर्मला झुलवतो आणि स्पीकरचा मोठा कोन उगाचच आतबाहेर होताना दिसतो. फार वर गेली तर खालचे सूर फुगतात.

हिशेब असा: आर्मचं प्रभावी वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला कॉम्प्लायन्सने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. प्रभावी वस्तुमान म्हणजे आर्म काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे, तर सुईच्या टोकाला जाणवणारं जडत्व. ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

१२ ग्रॅमच्या आर्मवर २एम रेड लावू. कार्ट्रिज ७.२ ग्रॅम, स्क्रू १ ग्रॅम, बेरीज २०.२. कॉम्प्लायन्स २०. उत्तर ७.९ हर्ट्झ, म्हणजे खालच्या काठावर. इथे वजन उतरवायला हवं. हेडशेल ३ ग्रॅमने हलकं घेतलं आणि पोलादी स्क्रूंऐवजी ॲल्युमिनियमचे लावून आणखी अर्धा ग्रॅम वाचवला, तर आकडा ८.७ वर जातो.

आता उलटं उदाहरण, डेनॉन डीएल-१०३. वजन ८.५ ग्रॅम, कॉम्प्लायन्स ५. पण हा आकडा १०० हर्ट्झवर मोजलेला आहे. बऱ्याच जपानी कंपन्या तसाच देतात, आणि आपल्याला लागतो तो १० हर्ट्झवरचा. त्यासाठी ढोबळमानाने दीडपट ते दुप्पट करतात. ९ धरले तर त्याच आर्मवर ११.४ हर्ट्झ येतात. चालण्यासारखं आहे, पण ही कार्ट्रिज जड आर्मवर जास्त खुलते. त्यासाठी १ मिलिमीटर जाड पितळी पत्र्याचा ३० बाय १६ मिलिमीटरचा तुकडा कापा. त्याचं वजन जवळपास ४ ग्रॅम भरतं. त्याला १२.७ मिलिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि तो हेडशेल व कार्ट्रिजच्या मध्ये लांब स्क्रूंनी बसवा. गती साडेदहावर येते आणि डबल बासचा सूर मोकाट न घुमता जागेवर उभा राहतो. काउंटरवेट पुरेसं मागे जाऊन हा जादा भार तोलू शकतं का, एवढं आधी पाहून घ्या.

आकडा खरा आला का हे घरीच तपासता येतं. तबकडीच्या शेवटची शांत खाच वाजत असताना तो आवाज संगणकावर रेकॉर्ड करा आणि कोणत्याही ध्वनी-संपादन प्रोग्रॅममध्ये २० हर्ट्झखालचा आलेख बघा. तिथे जो उंचवटा दिसतो तो तुमच्या आर्मचा. फोनो प्रीॲम्पमध्ये (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रात) खालच्या सुरांचं फिल्टर असेल तर ते बंद करून बघा.

नळीवरची टेप

कोणत्या जागी किती वजन चिकटवल्यावर किती भारी पडतं, हे आधी समजून घ्यावं. जडत्व धुरीपासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं. हेडशेलवर १ ग्रॅम ब्लू-टॅक लावलं तर प्रभावी वस्तुमान पूर्ण १ ग्रॅमने वाढतं. तेच नळीच्या मध्यावर लावलं तर फक्त पाव ग्रॅमने. आणि १ ग्रॅम टेप पूर्ण नळीभर सारखी गुंडाळली तर एक तृतीयांश ग्रॅमने. म्हणूनच टेप हा इतका स्वस्तात पडणारा उपाय आहे.

आधी तुमची नळी वाजते का ते ऐका. तबकडी थांबलेली, सुई खाचेत टेकलेली, आवाज अगदी हळू. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने नळीवर अलगद टिचकी द्या. स्पीकरमधून लांबत जाणारा ‘टिंग’ आला तर नळी किणकिणते. मग सुई उचलून टोपण लावा, आर्म क्लिपमध्ये अडकवा आणि टेफ्लॉन टेप धुरीकडून हेडशेलकडे, अर्धी रुंदी एकमेकीवर चढवत, ताणून गुंडाळा. नळीवर जोर देऊ नका. टेप बोटाने सोडायची आणि नळीभोवती फिरवायची. एक थर पुरे. पुन्हा टिचकी द्या, ‘टिंग’ची जागा आखूड ‘ठक्’ने घेतलेली असेल. हीट श्रिंक ट्यूबही चालते, पण ती बसवायला गरम हवा लागते आणि आतल्या तारांचं आवरण वितळायला तेवढी पुरते. नळीत कापूस किंवा फोम कोंबण्याच्या मी विरोधात आहे. तारा ओढल्या जातात आणि ते बाहेर काढणं महाकठीण.

काउंटरवेट

जड काउंटरवेट धुरीच्या जवळ ठेवलं की जडत्व कमी होतं, हे खरं आहे. पण किती? समजा १०० ग्रॅमचं वजन धुरीपासून ४० मिलिमीटरवर तोल साधतं. त्यावर ३० ग्रॅम शिशाची टेप गुंडाळली तर ते सुमारे ३१ मिलिमीटरवर येईल. २३० मिलिमीटरच्या आर्मवर त्याचा प्रभावी वस्तुमानातला वाटा ३ ग्रॅमवरून २.३ वर उतरतो. पाऊण ग्रॅमही नाही. हलकं हेडशेल याहून जास्त देतं. शिवाय काउंटरवेटवरच्या आकड्यांची चकती आता खोटं बोलते, कारण जड वजन प्रत्येक फेऱ्याला जास्त भार बदलतं. तरीही करायचं असेल तर भार काट्यावरच लावा, शिशावर साधी टेप गुंडाळा आणि हात धुवा.

ही टेप फक्त खालच्या बाजूला लावून गुरुत्वमध्य खाली आणण्याचा सल्लाही बरेच जण देतात. तो बेताने घ्या. गुरुत्वमध्य धुरीच्या खाली गेला की सुई बाकावर चढताना भार वाढतो आणि उतरताना घटतो. जास्त उपयोगाचं काम वेगळंच आहे. काउंटरवेट आपल्या दांड्यावर खडखडतं का ते पाहा. खडखडत असेल तर दांड्यावर टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्या. ते मऊ पण घट्ट बसतं.

सिलिकॉन तेलाची वाटी

जोडी जमत नसेल आणि कार्ट्रिजही बदलायची नसेल, तर हा उपाय परिणामकारक आहे. धुरीजवळ प्लिंथवर (प्लेयरच्या बैठकीवर), आर्मच्या खाली, ॲल्युमिनियमची कंसाकार उथळ वाटी दुहेरी टेपने बसवा. आर्मला एक पातळ पट्टी अशी लावा की तिचं खालचं टोक वाटीत उतरेल, पण बुडाला आणि कडांना आर्मच्या पूर्ण फेऱ्यात कुठेही लागणार नाही. वाटीत मधासारखं घट्ट सिलिकॉन तेल भरा, सुरुवातीला पट्टीचं टोक जेमतेम बुडेल इतकंच. संथ हालचालीत तेल वाट देतं, झटक्याला अडवतं. जास्त भरलं तर संगीत निर्जीव होतं, आणि वाकलेल्या तबकडीवर सुईची दांडीच वाकू लागते. पट्टीचं वजन वाढल्याने तोल पुन्हा साधावा लागेल.

उंची आणि तिरकेपणा

उंचीबद्दल उगाच फार चिंता केली जाते. २३० मिलिमीटरच्या आर्मचं बूड ४ मिलिमीटर वरखाली केल्यावर सुईचा कोन १ अंश बदलतो. म्हणजे तबकडी १ मिलिमीटर जाड-पातळ असली तर फरक पाव अंशाचा. सुई टेकलेली असताना नळी तबकडीला समांतर ठेवा. उंची बदलण्याची सोय नसेल तर बुडाखाली वॉशर किंवा तबकडीखाली दुसरी मॅट घाला.

डावा-उजवा तिरकेपणा मात्र कानाला लगेच कळतो. बंद प्लॅटरवर छोटा पातळ आरसा ठेवून त्यावर सुई टेकवा आणि समोरून पाहा: दांडी आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ उभ्या रेषेत हवं. हेडशेल फिरवता येत नसेल तर कार्ट्रिजच्या एका स्क्रूखाली झेरॉक्सच्या कागदाची पट्टी घाला. असा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. दोन थर एका बाजूला घातले की जवळजवळ १ अंशाचा फरक पडतो.

अँटी-स्केट सगळ्यात शेवटी

आर्मला आत ओढणारा जोर सुईला खाचेच्या आतल्या, म्हणजे डाव्या चॅनेलच्या भिंतीवर दाबतो. म्हणून जोरकस गाणं आतल्या खाचांमध्ये वाजताना उजवीकडचा आवाज आधी फाटला तर अँटी-स्केट वाढवा, डावीकडचा फाटला तर कमी करा. खाच नसलेल्या कोऱ्या तबकडीवर आर्म स्थिर करण्याची पद्धत मला पटत नाही. तिथे सुई टोकावर घासते, खाचेत ती दोन्ही बाजूंनी घासते. दोरा आणि वजन असलेल्या आर्मवर जुना दोरा ताठ झाला असेल तर मासेमारीची अगदी बारीक नायलॉन दोरी लावा. दोरा जिथून वळतो तो कडीचा भाग अल्कोहोलने पुसून घ्या.

टेप, पत्रा, पुट्टी, तेल यांपैकी काहीही नवीन लावलं की तोल, भार आणि अँटी-स्केट याच क्रमाने पुन्हा लावा. महिन्याभराने भार एकदा काट्यावर बघा, कार्ट्रिजचे स्क्रू हलके कसून घ्या, आणि ब्लू-टॅक सुकून कडक झालं असेल तर ते काढून नवं लावा.